मुसळाचं कडं

पुरुषाच्या डोक्याची उजवी बाजू भादरलेली होती आणि डावीकडचे लांब केस मानेपाशी गाठ मारून सोडले होते. आमच्या कंपनीचे मालक हेर ब्रांट यांनी ती बोटभर उंचीची मूर्ती चष्म्याजवळ धरली, फिरवून पाहिली आणि मला विचारलं, "बरं, फ्राऊ साबळे, इथे प्लास्टिक पोचलं नाही का? अर्धं डोकं रिकामं राहिलंय."

मी म्हटलं, "साच्यात दोष नाही. ते लोक केस असेच ठेवायचे. धनुष्याची दोरी ओढताना अडकू नयेत म्हणून."

"हे प्रत्येक गिऱ्हाइकाला कोण सांगत बसणार?"

मी मूर्ती त्यांच्या हातातून घेऊन खोक्यात ठेवली. त्या वर्षी असे प्रश्न रोज यायचे. नोकरीबद्दल काहीतरी लिहा, असं इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी दिवाळी अंकासाठी सांगितलं तेव्हा मला नेमकं तेच वर्ष आठवलं. बाकीची वर्षं गायी, घोडे, डुकरं आणि रोमन शिपाई यांच्यात गेली. गाय गायीसारखी दिसली की आमचं काम झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

कोलोनच्या बाहेर, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे आमचा कारखाना होता. शाळांसाठी आणि संग्रहालयांसाठी छोट्या प्लास्टिकच्या मूर्ती बनवायच्या, हा धंदा. मी मूळची चिंचवडची, टूल अँड डायचा, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवण्याचा, डिप्लोमा केलेली. नवरा मिलिंद मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इथे आला, त्याच्यामागून मी आले. मराठी मंडळींच्या जेवणावळीत मला हमखास विचारायचे, "तुम्ही कुठल्या प्रोजेक्टवर?" मी म्हणायचे, "सध्या डुकरांवर." मग समोरचा माणूस जरा थांबायचा आणि बटाटेवड्याकडे वळायचा.

माझं काम साचे बनवण्याचं. साचा म्हणजे काय, हे कळायला मोदकाचा साचा पुरे. दोन पाकळ्या मिटल्या की आत पोकळी तयार होते, उघडल्या की मोदक अलगद सुटून यायला हवा. कळ्या आत वळलेल्या असत्या तर सुटताना फाटला असता. माणसाच्या मूर्तीचं तेच. तिने हात कमरेवर ठेवला की कोपराच्या आतल्या फटीत साचा अडकतो. म्हणून स्वस्त खेळण्यांतली माणसं हात अंगाला चिकटवून ताठ उभी असतात. ती शिस्तीची असतात असं नाही, त्यांना साच्यातून बाहेर यायचं असतं.

दुसरी गोष्ट पोलादाची. मूर्तीवर जे उठून दिसतं, ते साच्यात खोल कोरलेलं असतं. त्यामुळे मूर्ती आणखी जाड किंवा उंच करायची तर पोलाद आणखी कोरायचं, ते सोपं. बारीक करायची तर आधीच कोरलेलं भरून काढायचं, आणि तिथे बोंब. वेल्डिंग करावं लागतं, डाग राहतात, कधी साचा तडकतो. आमच्या धंद्यात माणसं जाड होऊ शकतात, बारीक होत नाहीत. हे वाक्य मी मंडळातल्या बायकांना सांगितलं की त्या फार हसायच्या.

तर त्या वर्षी एका संग्रहालयाने आमच्याकडे पौहाटन लोकांचा संच मागितला. मी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हर्जिनियातल्या नद्यांच्या काठी राहणारे हे लोक. चारेकशे वर्षांपूर्वी इंग्रजांची जहाजं आली ती यांच्याच दारात. वाकवलेल्या फांद्यांवर चटया घालून केलेली लांबट घरं, मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात. शेती बायकांची, घरं बांधणंही बायकांचंच. पुरुष शिकार आणि मासेमारी करायचे, झाडाचा ओंडका आतून जाळून, शिंपल्यांनी खरवडून होडी करायचे. आम्हाला दाखवायचं होतं ते जहाजं येण्याआधीचं आयुष्य.

संग्रहालयाची अट एकच होती. त्या समाजातल्या एक वयस्क बाई, मिसेस वॉर्ड, निवृत्त शिक्षिका, यांनी प्रत्येक मूर्तीला होकार द्यायचा. एकीला जरी नाही म्हटलं तरी संच घेणार नाही. पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी आम्हाला सांगितलं, "माझ्या नातवाला दुकानात आमचं म्हणून जे मिळतं त्यात तंबू असतो, घोडा असतो आणि डोक्यावर पिसांचा डोलारा असतो. त्यातलं काहीच आमचं नाही. तो खेळण्याच्या वयात आहे तोवर मला एकदा त्याच्या हातात आमची माणसं द्यायची आहेत." नातू सहा वर्षांचा होता. म्हणजे फार वेळ नव्हता.

ब्रांटसाहेबांनाही वेळ नव्हता. फेब्रुवारीत खेळण्यांची मोठी जत्रा भरते, तिथे संच मांडायचा होता. त्यांच्याकडे जुन्या तंबू-घोड्यांच्या संचाचे साचे पडून होते आणि ते अजून चालत होते. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "नोव्हेंबरात बाई येतील तेव्हा होकार मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर संग्रहालय गेलं. मग मी जुनाच माल नव्या खोक्यात घालून पौहाटन म्हणून विकेन. जत्रेची जागा मी रिकामी ठेवू शकत नाही."

ब्रांटसाहेब दुष्ट नव्हते. लहानपणी कार्निव्हलला दरवर्षी पिसं लावून, तोंडाला रंग फासून ते कोलोनच्या रस्त्यांवरून फिरलेले. हे लोक आपल्याला चांगले माहीत आहेत, अशी त्यांची खात्री होती. अशी खात्री इथे बऱ्याच जणांची असते. एक गृहस्थ तर संचाची बातमी वाचून मला फोन करायचे. त्यांचं एक हौशी मंडळ उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आदिवासींसारखा वेश करून जंगलात तंबू ठोकून राहायचं. "फ्राऊ साबळे, मी कितीतरी उन्हाळे तंबूत झोपलोय. तंबू नाही असं होऊच शकत नाही. मला माहीत आहे." मी जा, जा, म्हणजे हो, हो करत ऐकायचे. एक बालवाडीच्या बाई वेगळ्याच. त्यांनी विचारलं, "या संचात वाईट कोण आहे? मुलांना खेळताना एक वाईट लागतो." मी खोक्यातल्या मूर्ती एकेक करून पाहिल्या. मासे भाजणारा, होडी खरवडणारा, चटई विणणारी. वाईट कोणीच सापडेना. मला उगाच वाटलं की आपलंच काहीतरी राहून गेलंय.

मग कपड्यांचा घोळ. उन्हाळ्यात त्या बायका कमरेला फक्त हरणाच्या कातड्याचा पट्टा बांधायच्या. शाळांना ते चालणार नाही, असं ब्रांटसाहेब म्हणाले. खोटे कपडे चालणार नाहीत, असं मिसेस वॉर्ड म्हणाल्या. दोन आठवडे मी दोघांच्या मधे लोंबकळत होते. शेवटी मिसेस वॉर्डनीच तोड काढली, "थंडीतली माणसं करा. थंडीत सगळे कातडी पांघरायचे." एका वाक्यात प्रश्न मिटला, पण मग थंडीत संचातल्या शेतात मका कसा उभा, असं संग्रहालयाच्या प्राध्यापकांनी विचारलं. तो प्रश्न आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकला नाही.

मूर्ती मेणात घडवायच्या फ्राऊ लेन्झ. साठीच्या, कमी बोलणाऱ्या, बोटांना कायम मेणाचा वास. त्या मोठ्या आकारात मूर्ती करायच्या, मग ती मशीनवर मोजून मी संगणकात घ्यायचे. सरळ वस्तू मेणात सरळ येत नाहीत, म्हणून भाले, वल्ही, काठ्या मी संगणकावरच काढायचे. एक दिवस फ्राऊ लेन्झ जुन्या चित्रात बघून गोंधळल्या होत्या. मक्याच्या शेतात खांबांवर एक छोटी झोपडी आणि तिच्यात एक माणूस नुसता बसलेला. "हा काय करतोय?"

मी म्हटलं, "पाखरं हाकतोय. हा माळा आहे. आमच्याकडे ज्वारीच्या शेतात असाच असतो."

त्यांनी माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तिथून माझं बिघडलं. माळा आपल्यासारखा, भोपळा आपल्यासारखा, चटईवर बसणं आपल्यासारखं. इतके महिने काही न कळणारी मी अचानक घरच्या विषयात आल्यासारखी बोलायला लागले.

उन्हाळ्याच्या शेवटी मिसेस वॉर्ड म्हणाल्या, कामं करणाऱ्या बायका कमी आहेत, मका कांडणारी एक हवी. मका पौहाटन बायका लाकडी उखळातच कांडायच्या. फ्राऊ लेन्झना मुसळ कसं धरतात ते माहीत नव्हतं. मी झाडूचा दांडा घेतला आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

मला कांडण शिकवलं सासूबाईंनी. माझं सासर भोरजवळचं. तिथे स्वयंपाकघराच्या जमिनीत पुरलेलं उखळ आहे. लग्न होऊन गेले तेव्हा मी टूलरूममधली मुलगी, मला पोळी गोल येत नव्हती. पण मुसळ हातात घेतलं आणि त्याच्या टोकाला बसवलेलं लोखंडी कडं बघून थांबले. लोहाराने तापवून चढवलेलं, निवल्यावर लाकडाला असं घट्ट आवळलेलं की फट दिसू नये. आमच्या टूलरूममध्ये आम्ही हेच करत होतो. मी त्या कड्यावरून बोट फिरवत राहिले, आणि सासूबाई म्हणाल्या, "हिला मुसळ कळतं." त्या घरात माझ्याबद्दल निघालेलं ते पहिलं चांगलं वाक्य. ते कडं मला फार आवडायचं, आजही आवडतं.

तर फ्राऊ लेन्झनी माझी उभं राहण्याची ढब मेणात उतरवली, जमिनीलगतचं उखळ केलं, आणि मी संगणकावर मुसळ काढलं. कडं बसवताना मी विचारसुद्धा केला नाही. कड्याशिवाय मुसळ माझ्या हाताला काढताच येत नव्हतं. प्राध्यापकांनी पाहिलं, ब्रांटसाहेबांनी पाहिलं. बाकीच्या मूर्तींचे फोटो व्हर्जिनियाला पाठवून होकार आले होते, हिच्या वेळी घाई होती. "बाई येणारच आहेत," ब्रांटसाहेब म्हणाले, "हातात घेऊनच बघतील." साचा कोरला गेला.

दिवाळी आली. सासूबाई त्या वर्षी पहिल्यांदाच कोलोनला आल्या होत्या. सुटकेसमध्ये भाजणी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले मातीचे मावळे आणि सिंहासनावरचे महाराज. माझ्या मुलीला, इराला, किल्ला करायचा होता. आम्ही बाल्कनीत केला. इथे पिशवीत मिळणारी कुंड्यांची माती इतकी भुसभुशीत की बुरूज दोनदा बसला. सासूबाई म्हणाल्या, "ही कसली माती, हिला अंगच नाही." शेवटी आत चपलांची खोकी घालून तो उभा राहिला. अळीव मात्र इथे सुपरमार्केटमध्ये क्रेसे नावाने मिळतात, ते चार दिवसांत हिरवेगार उगवले. तपासायला घरी आणलेले आमच्या संचाचे राखाडी, न रंगवलेले नमुने इराने कधी उचलले ते मला कळलंही नाही.

मिसेस वॉर्ड शनिवारी पोचल्या. सोमवारी कारखान्यात बैठक होती. रविवारी इथे सगळंच बंद, हॉटेलात एकट्या बसून काय करतील, म्हणून मी फराळाला बोलावलं. काठी टेकत आल्या, दारात बूट काढले. सासूबाईंनी हात जोडले, त्यांनीही जोडले. चकली खाऊन विचारलं, "हा मका आहे का?" मी भाजणी समजावायला लागले आणि तिसऱ्या डाळीशी इंग्रजी संपलं.

मग इरा त्यांना बाल्कनीत घेऊन गेली.

वर महाराज होते. दरवाजाशी एक मावळा आणि त्याच्या शेजारी, त्याच्या गुडघ्याइतका, अर्धं डोकं भादरलेला पौहाटन धनुष्य घेऊन पहाऱ्याला. खाली अळिवाच्या शेतात सगळं गाव वसलेलं. मिसेस वॉर्ड काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिल्या. मला त्यांचा चेहरा वाचता येईना. संतापल्या असतील तर कशावरून सुरुवात करून माफी मागायची, तेही सुचेना.

"वर कोण बसलेत?" त्यांनी विचारलं.

"आमचे राजे," मी म्हटलं.

"आणि माझी माणसं?"

इराला इंग्रजी प्रश्न कळला, पण उत्तर तिच्या सवयीने जर्मनमध्ये आलं, "दी वोनेन उंटन." ते खाली राहतात, शेत त्यांचं आहे, असं मी सांगितलं.

"वरच्या राजाला धान्य द्यावं लागतं का त्यांना?"

मी इराला विचारलं. इराने मान हलवली. नाही, ते फक्त शेजारी आहेत.

"मग ठीक आहे," मिसेस वॉर्ड म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मला हायसं वाटलं. त्यांनी एकेक मूर्ती उचलून नीट मांडायला घेतली. चटई विणणारीला घराजवळ नेलं, होडीवाल्याला लांब, जिथे त्यांच्या मते नदी असायला हवी होती तिथे. पहारेकऱ्याला मात्र तिथेच ठेवलं.

सासूबाईंना राहवलं नाही. त्यांनी कांडणारी उचलली आणि पाहुणीच्या हातात दिली. "बघा, ही अगदी आमची सूनबाई, माधवी. आम्ही असं कांडतो. कडंसुद्धा बसवलंय हो तिनं मुसळाला, लोखंडाचं." मग मला म्हणाल्या, "सांग ना त्यांना. अशी उभी काय राहिलीस?"

वाक्य इंग्रजीत जुळवताना मी लोखंड या शब्दाशी अडले होते. तो शब्द मी गाळू शकले असते. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, कुणालाच कळलं नसतं. पण भाषांतर करताना मी सरळ पुढे जाते, तशी गेले. "माझ्या सासूबाई म्हणतात, आमच्याकडे असंच कांडतात. आणि मी मुसळाला लोखंडी कडंही बसवलंय."

"लोखंडी," मिसेस वॉर्ड म्हणाल्या. त्यांनी मूर्ती उजेडात धरली. "आमच्याकडे लोखंड जहाजांतून आलं. ही बाई जहाजांच्या आधीची आहे ना?"

"हो."

"आणि हे उखळ जमिनीत कसं? आमचं म्हणजे झाडाचा बुंधा, पोकळ करून उभा केलेला. हे असं आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मला माहीत होतं."

तोंडातून निघालं आणि तो तंबूवाला आठवला. तो अगदी याच सुरात बोलायचा. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"काय म्हणतात त्या?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो आई, कडं नको म्हणतात. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं."

"कडं नाही तर मुसळ फाटेल. विचार त्यांना."

मी विचारलं. मिसेस वॉर्डनी क्षणभर सासूबाईंकडे पाहिलं. "फाटतंच. मग आम्ही दुसरं करतो."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी विचार केला. "झाडं असतील मुबलक," त्या म्हणाल्या. "मग बरोबर आहे त्यांचं." आणि ताटलीत आणखी एक चकली वाढली.

त्या दोघींचं तिथे मिटलं, माझं मिटलं नव्हतं. मिसेस वॉर्ड मला म्हणाल्या, "ही बाई चांगली आहे. हिला कामाची सवय आहे, खांद्यावरून कळतं. पण ही आमच्या गावची नाही. माझा नातू हिच्यावरून शिकणार, आणि पहिलीच गोष्ट चुकीची शिकणार. उद्या मी तुमच्या साहेबांना काय सांगू?"

त्यांनी नाही म्हटलं की संच गेला, आणि खोक्यात तंबू आले. हो म्हटलं तर हातात लोखंड. कडं मूर्तीवर उठून दिसत होतं, म्हणजे साच्यात ती खाच होती, आणि खाच भरायची म्हणजे वेल्डिंग. इतक्या बारीक जागी वेल्डिंग मी आयुष्यात धड झालेलं पाहिलेलं नव्हतं. मी एवढंच विचारलं, "तुमचं उखळ किती उंच?"

"इथपर्यंत." त्यांनी मूर्तीच्या कमरेखाली, मुसळाभोवती मूठ आवळून दाखवली.

मुठीत कडं दिसेनासं झालं.

"हात तसाच ठेवा," मी म्हटलं. "हलवू नका." त्यांना वाटलं मला फोटो काढायचाय. सासूबाईंना वाटलं पाहुणीच्या हातावर किडा बसलाय, आणि त्या रुमाल घेऊन धावल्या.

सोमवारी सकाळी मी बैठकीआधीच ब्रांटसाहेबांना गाठलं. उखळ उंच करायचं. मूर्ती उंच करायची म्हणजे पोलाद फक्त कोरायचं, भरायचं काही नाही. उखळाची भिंत वर आली की मुसळाचं टोक तिच्यात बुडतं आणि कड्याची खाच त्या मोठ्या पोकळीत विरून जाते. दोन्ही चुका एकाच कोरणीत सुटतात.

"बाई जाड होणार?" त्यांनी विचारलं.

"बाई तशीच. उखळ जाड होणार."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले आणि पुढे म्हणाले, "मला ते कडं आवडलं होतं. सगळ्या संचात तेवढंच ओळखीचं वाटायचं." बैठकीत मिसेस वॉर्डनी बाकी सगळ्या मूर्तींना होकार दिला आणि हिच्यासाठी परत येते म्हणाल्या. परतीचं विमान आठवड्याने होतं, तोवर त्या ड्युसेलडॉर्फला एका ओळखीच्यांकडे राहिल्या.

साचा मशीनवर चढला तेव्हा मी शेजारी उभी होते. पोलादाचे बारीक छिलके उडत होते. कड्याची खाच केसाएवढी होती, ती कधी गेली ते दिसलंसुद्धा नाही.

निघायच्या आधी मिसेस वॉर्ड कारखान्यात आल्या. नवा नमुना हातात घेतला, उखळाचं तोंड जवळून पाहिलं, अंगठ्याने चाचपलं. फ्राऊ लेन्झ माझ्या मागे बोटांचं मेण पुसत उभ्या होत्या.

"आणि ते कडं?"

"गेलं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी होकार दिला. एकच मागणी केली, की कड्यावाल्या मूर्ती कारखान्याबाहेर राहू नयेत. इराला किल्ल्यावरची परत द्यावी लागली, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या सगळ्या दळून, वितळवून पुन्हा वापरल्या गेल्या, बहुतेक डुकरांसाठी.

जत्रेत संच मांडला. तंबूवाले गृहस्थ आले, तंबू नाही म्हणून मला ऐकवलं आणि एक खोका विकत घेऊन गेले. अर्ध्या डोक्याबद्दल तक्रारी आल्या, साहेबांचं ते खरं ठरलं. मिसेस वॉर्डच्या नातवाने पहिल्याच दिवशी होडी आंघोळीच्या टबात बुडवली, असं त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं. संच फार खपला नाही. काही वर्षांनी बंद झाला, पुढे आमची टूलरूमही बंद झाली आणि मी घरी बसले.

संच निघाला तोवर सासूबाई भारतात परतल्या होत्या. त्यांना मी रंगवलेली कांडणारी पाठवली. पोचल्यावर त्यांचा फोन आला. आधी रंग छान, पांघरूण छान झालं.

"उखळ त्यांचं केलंस."

"हो आई."

"आणि कडं गं?"

मी म्हटलं, "आहे. आत गेलंय, उखळात. मुसळ खाली आलं की दिसत नाही."

"हां," त्या म्हणाल्या. "खाली आल्यावर नाहीच दिसत."

ती मूर्ती दर दिवाळीत भोरच्या घरी, मातीच्या किल्ल्याखाली अळिवात उभी असते. तिच्या उखळात पोकळी नाही, तिथे प्लास्टिक भरीव आहे, कड्याची जागा त्यातच विरून गेली आहे. मिसेस वॉर्डना मी गेलं म्हणून सांगितलं, आईंना आहे म्हणून सांगितलं, आणि दोघींनीही विश्वास ठेवला. त्यांतल्या कुणाशी मी खोटं बोलले, हे मला अजून सांगता येत नाही.